गुलाबी होईपर्यंत

सोमवारी बाटल्या येतात.
सोया सॉसच्या, साकेच्या, एखादी शांपूचीसुद्धा
(ती मी परत पाठवतो, फेस होतो).
बस डेपोमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
रांगेत उभ्या करतो त्यांना,
प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेलं घराचं नाव.

पूर्वी मिझुओरीत तळणीचं तेल
पुडी टाकून घट्ट करायचे,
वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात.
आता तेच तेल
सात-दहाची बस होऊन शाळेचा घाट चढतं.
पोरं म्हणतात, आज कोलंबीचा वास येतोय.
मी म्हणतो, छे, बटाट्याच्या कोरोक्केचा.
आमची पैज लागते. कुणी जिंकत नाही.

पण बस नंतरची. आधी थेंब.
एक मिली तेल, दहा मिली अल्कोहोल,
आणि वरच्या नळीतून कॉस्टिकचं पाणी,
टप्.
टप्.
काच हलवत राहायची.
गुलाबी रंग येतो, पळतो,
पुन्हा येतो, लाजतो,
आणि मग एकदाचा टिकतो.
टिकला की आकडा वहीत.

तेल जितकं जळलेलं, तितकं पाणी जास्त लागतं,
हे कृषी केंद्रातल्या बाईंनी शिकवलं.
सगळं एकत्र ओतून एकदाच तपासलं तरी चालेल, म्हणाल्या.
पण दोन फेऱ्यांच्या मधे
मला चार तास असतात.

निशिगाकींची खानावळ : सव्वादोन, दर आठवड्याला.
माणूस शिस्तीचा. तेल बदलतो तसाच
भावाशीही बोलतो, ठरल्या वारी.
देवळातलं : जवळजवळ शून्य.
भिक्खू वर्षातून दोनदा तळतात,
त्यांच्या बाटलीतून पलीकडची भिंत दिसते.
ओमुरो आजोबा एकट्यासाठी तळतात.
वाटीभर तेल आणून देतात, दोन हातांनी,
आणि निकाल लागेपर्यंत दारात थांबतात.

चियोमी कुवानो : एप्रिलात दीड.
मेमध्ये तीन. ऑगस्टात साडेचार.
ऑक्टोबरात पावणेसात.
काळं, कडू, मासे, बटाटे, पुन्हा मासे,
कितीदा गाळलेलं, देव जाणे.

लाकडाची गिरणी मेमध्येच बंद पडली.
तिचा नवरा तात्सुरो अजूनही
रोज डबा घेऊन माझ्या बसमध्ये चढतो,
पैसे मोजून पेटीत टाकतो,
तिसऱ्या थांब्यावर उतरून
नदीकाठच्या दगडावर जाऊन बसतो.
आरशात दिसतं मला.
पाच-चाळीसला तिथूनच चढतो,
बाहीवर कुठून तरी आणलेला भुसा.

त्याला वाटतं, तिला ठाऊक नाही.
तेल म्हणतं, तिला मेपासून ठाऊक आहे.

मी काय करणार?
पंचावन्न अंशांवर तेल तापवतो,
मिथेनॉल सोडतो, रात्रभर ठेवतो.
सकाळी वर चहाच्या रंगाचं इंधन,
खाली काकवीसारखं जाड ग्लिसरीन.
तेल गेलं, तूप गेलं म्हणतात,
आमच्या हाती निदान साबण येतो.
तो मी बाटल्यांसोबत घरोघर परत धाडतो.
कुवानोंच्या पिशवीत दोन वड्या.
परवा त्याखाली तेलाचा नवा डबाही ठेवला,
चिठ्ठी लावली : डेपोची सोडत, पहिलं बक्षीस.
सोडत आता इतरांसाठीही काढावी लागणार.

वही भिंतीला टांगलेली असते, कुणीही चाळावी.
त्यांच्या ओळीत मी दीड लिहितो.
पण हिशेब चुकला, कॉस्टिक कमी पडलं,
तर इंधन बिघडतं, बस घाटात मरते.
म्हणून खरा आकडा पेनाने तळहातावर.
सोडा तोलून झाला
की त्याच साबणाने हात धुतो.

आज तात्सुरो उतरताना पायरीवर थांबला.
"कसला वास हो हा, रोजचा?"
कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा, म्हटलं.
त्याने डबा दुसऱ्या हातात घेतला.
"माशांचा आहे," म्हणाला,
आणि उतरला नाही.

दार मी जरा वेळ उघडंच ठेवलं.
मग गिअर टाकला.