मे महिन्यातल्या किल्ल्या

लोक किल्ले बघतात. मी किल्ल्या बघते.
यंदा नऊ आहेत, डब्याच्या झाकणात,
प्रत्येकीला वेगळा दोरा:
मनालीला निळा, कुर्गला हिरवा,
लडाखवाल्या धारपांनी बांधलाय लाल
आणि जाता जाता तीनदा सांगितलंय,
मोगऱ्याला रोज, निवडुंगाला अजिबात नाही.

तेव्हा हे माझं प्रवासवर्णन.
सीवूड्स, बी विंग, बहुतेक लिफ्टने.

पहिला मजला, मेनन. सकाळी सातच्या आत जावं.
नंतर ऊन येऊन सोफ्यावर बसतं
आणि उठायचं नाव घेत नाही.
बघण्यासारखं: पितळेचा दिवा, माझ्या कमरेएवढा.
मुक्कामाची सोय नाही, सगळ्यावर चादरी टाकल्यात.

दुसरा मजला, वालावलकर.
स्वयंपाकघरातलं घड्याळ वीस मिनिटं पुढे.
वर्षभर दोघंही त्याच्याच धाकाने धावतात.
आता रिकाम्या घरात ते एकटंच घाई करतं.
मी स्टुलावर बसून राहते समोर.
कुणीही बसावं. खर्च नाही, गर्दी नाही.

चौथा, धारप. इथे मात्र जपून.
मागच्या मेमध्ये त्यांचा मोगरा माझ्या हातून गेला.
नेरूळच्या नर्सरीतून ऐंशी रुपयांना तस्साच आणला,
जुन्या कुंडीत लावला, पान न् पान जुळवून.
"काकू, काय फुलवलाय हो!" म्हणाल्या बाई
आणि फ्रीजवर चिकटवायचा शिकारा दिला.
आता माझ्या फ्रीजवर:
शिकारा, एक हत्ती, आयफेल टॉवर, दोन उंट.
भाच्याचा मुलगा विचारतो, आजी, तू एवढं फिरलीस?
हो म्हणते. लिफ्ट बंद असली तर चालतसुद्धा.

सातवा, पडवळ. कुलूप अवघड आहे.
किल्ली अर्धी घालायची, दार आपल्याकडे ओढायचं, मग फिरवायची.
हे आधीच सांगून ठेवते,
कारण वेळ कमी असेल आणि एकच जागा बघायची असेल
तर हीच.
आत काही बघू नका, काचेचं कपाट, टीव्ही, काही नाही.
सरळ गॅलरीत. साडेपाच, फार तर सहा.
शेवटचे फ्लेमिंगो असतात अजून,
खाडीच्या चिखलात माना खुपसून,
नव्या साडीचा रंग पाण्यात सुटावा तसे.
त्यांच्यासाठी लोक कॅमेरे घेऊन येतात, पार पुण्याहून.

मी त्यांच्या अलीकडे बघते,
पेट्रोल पंप आणि शाळेच्या बसेस, त्यांच्या मध्ये.
तिथे आमच्या बापूसचं तळं होतं, जिताड्याचं.
पलीकडे उघाडी. भरती आली की फळ्या टाकायचं काम माझं,
मी नऊ वर्षांची.
खालून कधी कळलंच नाही ती जागा कुठे गेली.
तीस वर्षं त्याच रस्त्याने भाजी आणली.
सातव्या मजल्यावरून मात्र बांधाचं वळण दिसतं.
रस्ता अजून तिथेच वाकतो,
सगळं सपाट असताना, सरळ जायचं सोडून,
आणि त्याला कुणी विचारत नाही, का रे बाबा.

पाणी घालायला पाच मिनिटं लागतात.
मी दिवेलागणीला उतरते.

परवा पडवळ परतले. मनालीत म्हणे माणसंच माणसं,
हॉटेलच्या खिडकीतून समोरच्या हॉटेलची खिडकी.
अक्रोड दिले. किल्ली मागितली.
दिली.
दोरा तेवढा राहिला माझ्याकडे, चुकून.
"पुढच्या मेमध्ये अंदमानचं बघतोय, काकू. चार दिवस."

"चार दिवसांत काय होतं," मी म्हटलं.
"एवढं लांब जायचं तर पंधरा दिवस तरी राहा."