कारणाचा रकाना

रविवारी सकाळी आम्ही सात जण असतो,
कधी चार. अंजनेरीच्या पोटातून निघालेला ओहळ
वाडीखाली जिथे वाकतो, तिथे.
वही माझ्याकडे. कारण माझं अक्षर बरं
आणि मला पाण्याची भीती.

पांढरं घमेलं, पोरीच्या कंपासमधली पट्टी,
दोऱ्याला बांधलेला थर्मामीटर.
लहानू बेंडकुळे जाळं धरतो, जुन्या मच्छरदाणीचं,
आणि मासा आम्हाला दिसायच्या आधी
त्याचं नाव घेतो.
मळ्या. पोटाने दगडाला चिकटून राहणारा.
मुरी. दांडवण. ही खडशीची पोर.
पट्टीवर सरळ ठेवून मोजेपर्यंत
सुमित्रा स्वतःचा श्वास रोखून धरते.

सहा सेंटिमीटर. सोड.
साडेचार. सोड.
सोडल्यावर लहानू हात पाण्यातच ठेवतो थोडा वेळ,
एसटी निघून गेल्यावरही
फाट्यावर उभं राहावं तसा.

वहीत सहा रकाने, कॉलेजच्या गायधनी मॅडमनी
नाशिकहून येऊन आखून दिलेले:
तारीख, जागा, पाणी, मासा, लांबी,
आणि शेवटचा, अरुंद: कमी झाले असल्यास कारण.

पहिल्या वर्षी आम्ही तिथे लिहिलं: ऊन.
मग लिहिलं: वरचे लोक.
वरच्या वाडीला जाऊन आलो, चहा घेतला.
तेही म्हणाले, वरचे लोक.
त्यांच्या वर डोंगर होता फक्त, आणि माकडं.

आश्विनात मळ्या शून्य.
दगड उलटले, होते तसे परत ठेवले.
गुळगुळीत. कुणीच न धरलेले.
लहानूने ओंजळीतलं पाणी हुंगलं.
बऱ्याच वेळाने म्हणाला, "मळ्याचा न्हाई, मळ्यातला वास येतोय."

निवृत्ती पोटिंदे घमेल्यापाशी उकिडवा बसलेला.
दोन एकर टोमॅटो. एक रविवार न चुकवलेला.
नखाने शेवाळ खरवडत बोलला,
"फवारणीचा पंप मी इथंच धुतो.
गुरुवारी. पाणी वाहतं असतं म्हणून."

सुमित्राने पट्टी पुसली. कोरडीच होती.
"आमच्या घरचे पण," ती म्हणाली, "वरच्या वळणावर."
मग मला आठवल्या घटस्थापनेआधीच्या गोधड्या,
दोन टोपल्या, निळी पावडर,
आणि फेस कुठवर जातो ते
काठावर बसून मी मजेत बघितलेलं.

"लिही," निवृत्ती म्हणाला.
"काय लिहू? फवारणी?"
"नाव लिही."

रकाना अरुंद. पोटिंदे मावलं, निवृत्ती मावेना.
मी समासात गेले.
खाली सुमित्राचं. त्याखाली माझं,
बऱ्या अक्षरात.

आता पंप धुवायला खड्डा आहे, बांधाच्या पलीकडे.
गोधड्या हापशावर. हापशावर भांडणं.
मळ्या आले, असं लिहिता येत नाही अजून.
पण गेल्या रविवारी एक दगड उलटताना
लहानूने तो अर्ध्यातूनच अलगद खाली ठेवला.
"आहे का?" मी पेन उघडलं.
"मोजू नको. धरू दे त्याला आधी."

तारीख. जागा. पाणी एकवीस अंश.
पुढे कोरं.