भाऊसो

भाऊसोंना महिन्यातून चाळीसदा हार्ट अटॅक येतो.
मंगळवारी जास्त, तेव्हा दोन बॅचेस असतात.

मी काचेपलीकडे बसतो, माईकपुढे.
एका हाताला चहा, दुसऱ्याला नाडीची चकती.
शेंडा पार्कातल्या या खोलीत पोरं येतात
नव्याकोऱ्या ॲप्रनात,
आणि रबराच्या ओठांतून मी कण्हतो :
"डॉक्टर, छातीवर कुणीतरी बसलंय."

कागदावर आहे तेवढंच बोलायचं असतं.
पण कागद पुण्याहून आलाय.
आमच्याकडचा माणूस आधी म्हणतो,
"काय न्हाई वो, पित्त आसंल.
काल पावण्याकडं जत्रंचं जेवलो."
माझा भाऊ असंच म्हणत बसला होता,
सीपीआरच्या व्हरांड्यात, चपला हातात धरून.
(गावात सीपीआर म्हणजे दवाखाना.
पोरं सीपीआर म्हणतात ते छाती दाबायला.)

तेव्हापासून भाऊसो पित्त म्हणतात.
सरांच्या लक्षात आलं. बोलले नाहीत.
पुढच्या कागदावर पेनानं लिहून आलं : पित्त.

जुलैत बरगडीची स्प्रिंग तुटली.
कंपनी म्हणाली तीन महिने, आणि किंमतही म्हणाली.
मी ती रुमालात बांधून उद्यमनगरात नेली,
मुल्लांनी लेथवर दुसरी वळून दिली, तीनशे वीस रुपये.
"कुठल्या गाडीची म्हणायची?"
आता छाती जरा कडक आहे.
असू दे. खरी पण कडकच असते.

काल उपाध्येंची केतकी लीडर होती.
तिनं पित्तावर विश्वास ठेवला.
चार मिनिटं गेली.
मग मी चकती फिरवली, जशी फिरवायची असते,
आणि गप्प बसलो. गप्प बसणं कागदात आहे.
तिघं पाळीपाळीनं दाबत राहिले,
मोठ्यानं मोजत, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस,
पुन्हा एकपासून.
मुल्लांची स्प्रिंग प्रत्येक वेळी वर आली.
रेष आली नाही.

फळ्यावर गुण मांडले. वाचवलं तर पन्नास,
त्यांना अकरा.
कुठं चुकलं ते बोलून झालं.
खेळच आहे, उद्या परत मांडायचा,
म्हणत सगळे डब्याला गेले.

ती मागं राहिली. मला वाटलं, लाईट घालवायला.
भाऊसोंच्या शर्टाची बटणं लावत होती,
खालून वर, एकेक,
आणि हळूच काहीतरी म्हणाली.

यादीत त्याला गुण नाहीत.
माझा माईक चालूच होता.
उत्तर देता आलं असतं.