आधी आवाज लिहावा

अत-बाशीत उणे चोवीस.
दवाखान्याच्या पायरीवर टाकलेला ओला फडका
उचलताना पाटीसारखा निघतो.
आणि बुरुल्कान नर्स रात्री साडेअकराला
फ्रीज बंद पडला म्हणून रडकुंडीला आलेली.

हसू नका.
लस गोठली तरी मेली, तापली तरी मेली.
दोन ते आठ अंश, एवढ्या अरुंद बांधावर
गावातली एकशे दहा पोरं उभी आहेत.
कुप्या सध्या शीतपेटीत, पेटी तिच्या खोलीत,
शेगडी विझवलेली, अंगावर दोन कोट.

आधी तिनं किर्गिझमध्ये विचारलं:
फ्रीज बिघडला, काय करू?
मायबोलीनं पुढ्यात ठेवले
दोन लग्नांचे व्हिडिओ, एका घोडीचा भाव,
आणि मांस टिकवायची जुनी रीत.
बिचारी. घरात होतं ते सगळं तिनं वाढलं.

मग रशियनमध्ये, तेच वाक्य.
आता उत्तरं चाळीस हजार,
म्हणजे एकही नाही.
प्लग काढा, प्लग लावा. नवा घ्या.
सवलत आहे, बिश्केकला या.
डोलोनची खिंड परवापासून बंद.

"बिघडला" हा शब्दच कुचकामी,
हे तिला बाराच्या सुमारास कळलं.
माणूस येतो, म्हणतो, बरं वाटत नाही.
त्यावर ती गोळी देते का?
विचारते, कुठं? कधीपासून? दुखतं की ठणकतं?
जेवल्यावर, की उपाशीपोटी?

तिनं स्टूल ओढलं, फ्रीजच्या पाठीला कान लावला.
टक्. चार सेकंद घरघर. टक्.
मग दोन मिनिटं वीस सेकंद काहीच नाही.
पुन्हा टक्.
मागची पाटी अंगठ्यानं पुसून नंबर उतरवला;
आठ आहे की बी, टॉर्च धरून दोनदा पाहिलं.
"काय करू" खोडलं.
"कृपया", "तातडीनं", "लहान मुलांची लस",
हेही खोडलं, जड हातानं.
उरलं ते एवढंच:
नंबर, टक्, चार सेकंद, टक्.

आणि दूर ओरुरोत, नऊ वर्षांपूर्वी,
कुणा एकाचा अगदी हाच फ्रीज, हीच टक्‌टक.
त्याच्या स्पॅनिशचं यंत्रानं केलेलं मोडकं रशियन
ती ओठ हलवत वाचत गेली.
शेवटची ओळ त्याचीच: "झालं दुरुस्त. आभारी आहे."
कसं, ते नाही.
बुरुल्कानच्या तोंडून निघालेली शिवी
नोंदवहीत लिहिण्याजोगी नव्हती.

आणखी एकजण छातीठोक सांगत होता, कॉम्प्रेसर गेला.
पण त्याचा फ्रीज मुका होता, हिचा बोलत होता.
शेजारच्या खाटेवरचं औषध ती या खाटेला देत नाही.

मग भेटली याकुत्स्ककडची कुणी,
खाणकामगारांच्या भटारखान्यातली:
"व्होल्टेज ठीक आहे म्हणता, पण मोजलंत कधी?
बसल्या जागी सगळेच ठणठणीत असतात.
टक् वाजताना मोजा."

एक वाजता ड्रायव्हर ताबाल्दीला उठवला.
तो आला मीटर घेऊन, पायजम्यावर मेंढीचा कोट.
शांत असताना दोनशे चौदा.
टक्.
एकशे अठ्ठावन्न.
कपाट सरकवलं. मागचा सॉकेट
करपलेल्या भाकरीच्या कडेसारखा.

म्हणजे फ्रीज धडधाकट.
दोन तास ती निर्दोष माणसाची नाडी धरून बसली होती.

तीनला, नव्या वायरीवर फ्रीज सलग गुरगुरू लागल्यावर,
तिनं लिहायला घेतलं: "झालं दुरुस्त."
थांबली.
ओरुरोच्या त्या माणसालाही तेव्हा
अशीच झोप आली असेल.
डोळे चोळत पुन्हा सुरुवात केली. नंबर. टक्.
चार सेकंद. एकशे अठ्ठावन्न. कपाटामागचा सॉकेट.
आणि खाली तेच सगळं किर्गिझमध्ये,
सॉकेटला शब्द सुचेना म्हणून "भिंतीतलं भोक" असं,
म्हणजे पुढं कुणी मायबोलीत विचारलं
तर घोडीच्या भावाशेजारी
एवढं तरी वाढलेलं असेल.