हातउसने

सोहारच्या बंदराला लागून, खारं पाणी गोडं करायच्या कारखान्यात,
रात्री पावणेतीनला
माझ्या पडद्यावर सात बाण डावीकडे,
मध्ये बरोबरच्या सात खुणा,
सात बाण उजवीकडे.
वर यूनुस, खाली शिजी.
निकाल द्यायला मी.

तंटा एका क्षारमापकाचा.
दर सेकंदाला तो पाण्याची चव घेतो
आणि कर्नेलला सांगतो, किती खारट.
तेवढ्याला चार हजार बाइट लागतात.
कुठून घ्यायचे, एवढंच.

यूनुस अल बलूशी म्हणतो, स्टॅकवरून.
फंक्शन आलं, जागा झाली. फंक्शन गेलं, जागा गेली.
मागणं नाही, फेडणं नाही,
ऐन घाईत नकार ऐकायची पाळी नाही.

शिजी कोल्लमची. ती म्हणते, अरे,
स्टॅक सगळा मिळून आठ हजारांचा.
निम्म्यावर तूच पथारी टाकलीस,
वरून इंटरप्ट आला तर त्यानं पाय कुठे ठेवायचा?
तिला आमच्या म्हणी येत नाहीत,
नाहीतर अंथरूण पाहून पाय पसर असं तिनं सुनावलंच असतं.
ती जागा हीपकडून मागते,
हातउसनी. वापरायची, परत द्यायची.

पुरावे दोघांकडे.
शिजीचा नऊ जूनचा: पत्र्याखाली एकोणपन्नास अंश,
सगळे पंप एकदम उठले, हाकेवर हाक,
उतरंड चढत चढत छताला लागली
आणि फुटली ती शेजारच्याच्या घरात.
मीटरनं आमच्या गोड्या पाण्याला समुद्र म्हटलं.
यूनुसचा त्याच आठवड्यातला: हीपनं हात वर केले,
एक रीडिंग हुकलं.
एकच, पण तो एक सेकंद आपण आंधळे होतो, असं तो म्हणतो.
खोटं नाही.

कोणी एक चुकत असतं तर मी एव्हाना घरी असते.

एकाला ठेवून दुसऱ्याला पुसायला एक बटण पुरतं.
तीनदा बोट नेलं.
करकचा गार झालेला पेला, तळाशी वेलची.
खिडकीत रिफायनरीची ज्योत वाऱ्यानं तिरकी.

मग उशिरा, फार उशिरा सुचलं,
की दर सेकंदाला मागायचंच कशाला?
मीटर कर्नेलला पहिल्यांदा भेटतो,
तेव्हा थांबायला वेळ असतो. तेव्हाच मागावं.
नाही मिळालं तर दारातूनच परत फिरावं.
मिळालं तर ते भांडं मीटरच्या नावावर,
मीटर निघेल त्या दिवशी परत.
भांड्याला एक कुलूप, एका वेळी एकच हात.

सतरा ओळी लिहिल्या, बाण पुसले,
स्वतःवर जरा खूश झाले.

साडेचारला शिजीनं वाचलं आणि बोट ठेवलं:
नोंदणी फसली तर इथून, या तिसऱ्या दारानं,
तू बाहेर पडतेस
उसनं घेऊन.

खरंच की.
अठरावी ओळ तिची.

यूनुस पाचनंतर आला, फजर आटोपून.
कोड वाचलाच नाही,
आधी शंभर रीडिंगं घड्याळ लावून मोजली.
मग म्हणाला, यात माझं काय उरलं?
वेग, मी म्हटलं.
आणि नाव?

तिघांची नावं खाली घातली.
त्याचं आधी की शिजीचं,
यावर अर्धा तास पुन्हा जुंपली.
तेवढ्यात मीटरनं अठराशे वेळा पाणी चाखलं,
त्याच एका भांड्यात.