पहिला रोहू

मी तासिका तत्त्वावर शिकवते. तासाचे पैसे
मिळतात मार्चनंतर, कधी पुढच्या मार्चनंतर.
बी.ए. दुसरं वर्ष, तौलनिक शासन, प्रकरण तीन:
ब्रिटनची राज्यघटना अलिखित आहे.
मागच्या बाकावरून हुपराज विचारतो,
"मंग थे लोकं पाठ कशी करत असतीन, मॅडम?"
वर्ग हसतो. मीही.
पण उत्तर मला ठाऊक आहे, घरचंच आहे.

आमच्या गावात मामा तलाव आहे.
मामा म्हणजे माजी मालगुजारी, आईचा भाऊ नव्हे.
एक्कावन साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला,
पुढं मासेमारीचा ठेका आला ढिवरांच्या संस्थेकडं.
संस्थेला रबरी शिक्का, शिक्क्याला पत्र्याची डबी,
डबीची किल्ली माझ्या आईच्या कमरेला.
तरी बैसाखात पाणी उतरलं, महाजाळ ओढलं,
की पाळीवर तडफडणारा पहिला रोहू
जायचा मालगुजाराच्या घरी.
कुठं लिहिलेलं नाही.
आज्यानं नेला, बापानं नेला,
पळसाच्या पानांत गुंडाळून, मागच्या दारानं.

फळ्यावर लिहिते: सन १९९९.
निव्वळ जन्मानं बसलेले सहाशेवर लॉर्ड उठवले,
ब्याण्णव ठेवले. तडजोड म्हणून. तात्पुरते.
या शब्दापाशी माझा खडू अडतो.
तात्पुरतं म्हणजे किती, हे मला कोणी सांगावं?
मीच अकरा वर्षं तात्पुरती आहे.
मग त्याच सभागृहातले न्यायाधीश उठले,
चौक ओलांडून दुसऱ्या इमारतीत बसले.
आणि आता त्या उरलेल्यांनाही
दार दाखवलंय म्हणे.
पुस्तकात हे नाही, पुस्तक जुनं आहे.
"लिहून घ्या."
"परीक्षेत येईन का?"
"नाही येणार."
पेनं खाली.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती जाळं सांधत होती.
"ब्यान्नव? थे कायले ठेवले होते?"
म्हटलं, एकदम सगळं नाही निघत, आई.
"हो," म्हणाली, दातानं दोरा तोडला,
"आपला तं एकच उरला."

संस्थेची सभा. ठराव क्रमांक सात.
सूचक: धुरपता डोमा नान्हे.
या हंगामापासून पहिला रोहूसुद्धा
इतर माशांप्रमाणे काट्यावर चढेल.
दोन म्हातारे टोप्या झटकत उठले,
"रिवाज मोडला तं तलाव रुसते."
आई म्हणाली, "रुसाचा होता तं
एक्कावन सालीच रुसला असता."
शिक्का उमटला, अर्धाच. शाई वाळली होती.

आणि जाळं ओढलं त्या सकाळी
पद्माकरराव स्वतः पाळीवर आले.
ना गडी, ना मोटारसायकलवाला नातू.
हातात कापडी पिशवी, पायात रबरी चप्पल.
रांगेत चौथे उभे राहिले,
पुढच्या पोराला म्हणाले, "घे ना बाबू, तू आधी घे."
मग काट्यासमोर आले. "भाव काय, धुरपताबाई?"
मी पावतीबुक धरून बाजूलाच होते, म्हणून पाहिलं:
आई उठली.
अशी उठली की पदर सावरला,
आणि मग तिचं तिलाच कळलं, आणि बसताही येईना.
उभ्यानंच तिनं वजनं ठेवली.
दोन किलो तीनशे. एक ग्रॅम वर नाही.
सुटे सात रुपये मोजून परत.
त्यांनी पिशवीत रोहू घातला, शेपटी बाहेर राहिली,
पाळीवरून जाताना ती हलत होती.

रात्री मोहाच्या टोरीचं तेल कोमट करून
तिचे पाय चोळत होते. न राहवून विचारलं,
काऊन उठली तू?
ती कंदिलाकडं बघत राहिली बराच वेळ.
मग दोन्ही गुडघ्यांवर थाप मारली,
कुणाच्या तरी हट्टी पोरांना मारावी तशी,
"मी कुठं उठली? हे उठले."