रेबेलो आणि कंपनी

इनास रेबेलो तेरेखोलच्या खाडीतून आला
तेव्हा होडीत तांब्याचं भाण होतं
आणि भाणात बसवलेली बायको,
असं गाव सांगे.
बायको खरं तर पुढच्या वर्षी आली.
भाण मात्र पहिल्याच खेपेला.

नाक्यावरच्या शिपायाने विचारलं, "ह्यां काय?"
"न्हाणीघरातलां," म्हणाला.
अगदीच खोटं नव्हतं. पुढे तेही झालं.

शिरोड्याच्या डोंगरउतारावर
तो बोंडू पायाने मळायचा,
रस मडक्यात तीन दिवस स्वतःशी बडबडायचा,
मग भाटीला जाळ.
बाटली हलवून उजेडात धरायची
आणि फेसाचे मणी बघायचे:
केवढे, कुठून उठतात, किती टिकतात.
तेवढंच शिक्षण. सहीला अंगठा.

दारूबंदी आली.
फौजदाराने मडकी फोडली, एक सोडून सगळी,
दोन दिवस अंगणाला झिंग,
कोंबड्या आडव्या.
भाण विहिरीच्या तळाशी गप्प.

गावाला वाटलं, हा आता उलटी खाडी धरणार.
त्याने बेळगावहून सोड्याचं यंत्र आणलं,
नाबरांचं कर्ज, काचेच्या गोट्या,
आणि पाटी रंगवून घेतली: रेबेलो आणि कंपनी.
कंपनी म्हणजे मी,
वय अकरा, बाटल्या धुणारा,
आणि गोळी फुटली की पलंगाखाली शिरणारं
एक कुत्रं.

मग कोकम आलं, आवळा आला,
लेबलं चिकटवायला तीस बायका,
वेंगुर्ल्यापर्यंत स्वतःचा ट्रक.
मी मुनीम झालो. कुत्रं मेलं.
तो अजूनही रोज एक सोडा हलवून
खिडकीपाशी धरायचा.
"पळय," म्हणायचा,
"ह्या मण्यांक जीव ना.
भायल्यान भरिल्लो वारो."
आणि बाटली खोक्यात ठेवायचा,
विकायची असायची ना.

गोवा सुटला तेव्हा सकाळच्या होडीने गेला,
संध्याकाळच्या होडीने परत.
घर बघितलं? माणसं भेटली?
चपला काढताना म्हणाला,
"थंयचें उदक सोड्याक बरें ना."
त्यावर कुणी काही विचारलं नाही.

फक्त चैत्रात,
डोंगरावर बोंडू कुजायला लागले
आणि वारा तिकडून फिरला की
तो ऑफिसची खिडकी लावून घ्यायचा,
यंत्र बंद, सगळ्यांना घरी धाडायचा.
एकदा मी विसरलेली छत्री आणायला गेलो,
तर बंद खिडकीच्या फटीला नाक लावून उभा.
मी छत्री तिथेच सोडली.

वह्या माझ्याकडे आहेत.
एकवीस वर्षं, दर चैत्रात एक ओळ, माझ्या अक्षरात:
यंत्र दुरुस्ती. अर्धा दिवस.
पगार पुरा.